बाटलीला लागलेला वास

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. बिअरमधलं मला फार कळतं, असं मी दोन-तीन वर्षं चार माणसांना पटवून दिलं होतं. त्या चारांत मी स्वतःला धरलेलं आहे, आणि पटायला सगळ्यांत सोपा मीच निघालो.

बाकीचे तिघे म्हणजे धुळ्याचा एक दातांचा डॉक्टर, दीपनगरच्या वीज केंद्रातला एक इंजिनिअर आणि सावद्याकडचा एक केळीवाला. डॉक्टरशी माझी ओळख मी धुळ्याला शिकवायला होतो तेव्हाची. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती आणि माझी एक दाढ त्याच्या ताब्यात होती. पुढे माझी बदली जळगावला झाली, मुलगी शिकून लांब गेली, दाढही गेली, पण मैत्री टिकली.

एकेकाळी आम्हीही माणसांसारखी बिअर प्यायचो. दात बधिर होतील इतकी गार, सोबत तर्रीदार शेवभाजी, आणि चव कशी आहे हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मग एकदा मी पेपर तपासणीच्या कामाने पुण्याला गेलो, डॉक्टरही कसल्याशा परिषदेला तिथेच होता, आणि आम्ही दोघे काचेमागे तांब्याचे मोठमोठे हंडे ठेवलेल्या एका ठिकाणी जाऊन बसलो. वेटरने लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास आणून मांडले आणि म्हणाला, "सर, प्रत्येकीच्या नोट्स वेगळ्या आहेत." मी खिशातलं पेन काढलं. वीस-बावीस वर्षं नोट्स देणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तिथून आमचं बिघडलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, केळीवाल्याच्या मळ्यातल्या पॅकिंगच्या शेडमध्ये आम्ही जमू लागलो. प्रत्येकाने कुठून तरी एक बाटली पैदा करायची. कुणाचा भाचा बेंगळुरूला, कुणाचा साडू गोव्याला, कुणी परदेशातून येणारा. येताना काय आणू असं विचारणाऱ्या एकाही नातेवाइकाला आम्ही मोकळं सोडलं नाही. मी एक दोनशे पानी वही घातली आणि तिच्यात रंग, फेस, वास, चव, शेवट असे रकाने आखले. नियमही मीच केले. चाखताना शेव नाही, भरीत नाही, फक्त बिनमिठाचे फुटाणे. आणि केळं तर अजिबात नाही. केळीवाला पहिल्या वेळी मोठ्या प्रेमाने वेफर्सची पिशवी घेऊन आला होता, ती मी शेडच्या बाहेर ठेवायला लावली. चारी बाजूंना त्याच्या केळीच्या बागा उभ्या, त्याच्याच शेडमध्ये आम्ही फुकट बसलेलो, आणि मी त्याला सांगत होतो की केळ्याने जीभ मरते.

आमच्यात पक्ष पडले होते. ज्या बिअरचा इंटरनेटवर फार गाजावाजा असेल ती इंजिनिअरची, आणि जी कुठे मिळतच नाही ती डॉक्टरची. दोघांनाही न मिळालेल्या बिअरबद्दल मी बोलायचो. गाजलेली श्रेष्ठ की दुर्मिळ श्रेष्ठ, यावर त्या शेडमध्ये इतकी तावातावाने भांडणं झाली की केळीवाल्याचे मजूर केळीचे घड खाली ठेवून बघत राहायचे.

वहीतलं आता वाचलं की कानशिलं तापतात. 'पाइनच्या झाडाचा स्पष्ट सुगंध' असं मी सात ठिकाणी लिहिलं आहे. पाइनचं झाड आमच्यापैकी कुणीही बघितलेलं नव्हतं. फरशी पुसायच्या फिनेलच्या बाटलीवर त्याचं चित्र असतं, तेवढीच ओळख. म्हणजे मी सात वेळा बिअरला फिनेलचा वास येतो असं लिहिलं आणि दहापैकी आठ गुण दिले. एकदा मी 'ग्रेपफ्रूट' म्हणालो तेव्हा केळीवाल्याने विचारलं, "म्हंजे द्राक्षच ना, सर?" आम्ही तिघे हसलो. माझं हसणं जरा मोठं होतं, कारण दोनच महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

आणि ती बेंगळुरूची बिअर! तिच्यासाठी म्हणे लोक रांगा लावतात. इंजिनिअरने ती खासगी बसच्या डिकीतून मागवली. ऐन एप्रिलात दीड दिवस डिकीत शिजून ती जळगावला पोचली. उघडली तर आंबट ढाण. मी ग्लास उजेडाकडे धरला, डोळे मिटले आणि म्हणालो, "जंगली यीस्टचं धाडस आहे यात." तिला साडेनऊ गुण मिळाले. आजवरचा उच्चांक. फक्त केळीवाला म्हणाला, "मले तं ताक नासेल वाटते." त्याचं मत वहीत घेतलं नाही.

हे सगळं चालू राहिलं असतं आणि कुणाचं काही वाकडंही झालं नसतं. पण मग डॉक्टरच्या मुलीची बाटली आली.

या मुलीबद्दल आधी सांगायला हवं. एकुलती एक. बारावी झाली तेव्हा डॉक्टरने दवाखान्यात दुसरी खुर्ची आणून बसवली होती, ती डॉक्टर होऊन आली की तिच्यासाठी. मुलीने दातांकडे बघायलाही नकार दिला. बीएस्सी केलं, आणि बिअर कशी बनवतात हे शिकायला जर्मनीला निघून गेली. त्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. धुळ्यात नातेवाइकांना 'फूड टेक्नॉलॉजी' असं सांगण्यात आलं. डॉक्टरच्या आई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांना तर नात औषधाच्या कारखान्यात आहे एवढंच माहीत होतं. म्हणजे सहा गावांच्या बिअर गोळा करून त्यांच्यावर तास-तास बोलणारा हा माणूस, आपली पोरगी बिअर करते हे मात्र कुणाला सांगू शकत नव्हता. बापलेकीचं फोनवर बोलणं व्हायचं ते हवापाण्याचं. पाच वर्षांत त्याने तिला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मला हे ठाऊक होतं, आणि मित्र म्हणून मी कधी त्याला टोकलं नाही. मी वहीत रकाने आखत होतो.

गेल्या एप्रिलमध्ये ती चुलतभावाच्या लग्नाला आली आणि जाताना बापाच्या हातात एक बाटली देऊन गेली. ती ज्या छोट्या कारखान्यात काम करते तिथली बिअर तिकडेही सहजासहजी मिळत नाही, लोक पहाटेपासून उभे राहतात. पण ही बाटली त्याहून वेगळी होती. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने पहिल्यांदाच बिअरचा एक पूर्ण घाणा तिच्या एकटीच्या हाती सोपवला होता, तिच्या मनाप्रमाणे करायला. थोड्याच बाटल्या निघाल्या. त्यातली ही एक, कपड्यांच्या घडीत गुंडाळून तिने आणली होती. घरी अक्का असल्यामुळे ती तिथे फोडायचा प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "तुमच्या रविवारी फोडा, बाबा. आधी वास घ्या, मग प्या. आणि मला खरं काय ते सांगा."

डॉक्टरने हे मला जळगावच्या बसस्टँडवर सांगितलं, बाटली माझ्या हातात देताना. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "तू सांभाळ. तुले समजतं यामधलं." इतका मान मला आमच्या प्राचार्यांनीही कधी दिला नाही. मी बाटली दोन्ही हातांनी धरून रिक्षात बसलो. त्या पोरीला पाच वर्षांनी बापाच्या तोंडून तिच्या कामाबद्दल एक वाक्य ऐकायचं होतं, आणि ते वाक्य आता माझ्या मांडीवर होतं.

प्रश्न आला तो ठेवायची कुठे. मुलीने सांगितलं होतं, दहा-बारा अंशांवर, अंधारात, उभी. रविवार तीन आठवड्यांवर. बाहेर पारा त्रेचाळीसवर, आणि घरचा फ्रीज चारवर. शिवाय त्या फ्रीजमध्ये बायकोच्या लोणच्याच्या बरण्यांना जो हक्क आहे तो मलाही नाही. साधा माणूस असता तर बाटली फ्रीजच्या दारात खुपसून मोकळा झाला असता. पण मी पडलो जाणकार. मला आठवलं की केळीवाल्याकडे केळी पिकवायची खोली आहे, चारी बाजूंनी बंद, अंधारी, आणि पंधरा-सोळा अंशांवर राखलेली. आख्ख्या खानदेशात उन्हाळ्यात याहून बिअरला योग्य जागा नाही, हे मला सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. सावद्याला जाऊन क्रेटच्या रांगांमागे कोपऱ्यात बाटली उभी केली, वर कागद लावला, 'हात लावू नये'. कागदावर तारीख आणि सही. सवय.

मेचा पहिला रविवार आला. डॉक्टर धुळ्याहून एसटीने आला, इस्त्रीचा शर्ट घालून. शेडमध्ये असा शर्ट आजवर कुणी घातला नव्हता. त्या दिवशी केळीवाल्याचे वडीलही येऊन बसले. सगळे त्यांना नाना म्हणतात. कधी थेंब घेतला नाही, पण डॉक्टरच्या पोरीने केलेली वस्तू म्हणून बघायला आले होते. त्यांना आम्ही पोरीचं खरं काम सांगितलेलं होतं. नाना एवढंच म्हणाले होते की कामच करते ना.

मी खोलीतून बाटली आणली. जर्मन अक्षरांचं लेबल, कडेला पेनाने घातलेली तारीख. डॉक्टरने स्वतः बूच उघडलं आणि चार ग्लासांत बोट-बोट ओतली. मऊ, गढूळ, सोनेरी रंग, वर फेस भरपूर. आम्ही ग्लास नाकाशी नेले.

केळं.

अस्सं घमघमतं पिकलं केळं. सगळ्यांना एकदमच आलं. डॉक्टरने घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, परत उचलला, अजून एक घोट घेतला. त्याचा चेहरा उतरत गेला. तो चिडला किंवा घाबरला की त्याची मराठी सुटते आणि घरची बोली येते. "हाई काय शे?" तो म्हणाला. "येले केयाना वास ई राहिना."

केळ्याचा वास येतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खोलीकडे बघितलं. इंजिनिअर पुटपुटला, "बाटली बाटली." एरवी या कोटीला मी दाद दिली असती.

त्या क्षणी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी शिक्षक आहे. चूक झाली तरी ती समजावून सांगायची मला खोड आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं की बुचाच्या आत पातळ रबरी चकती असते. खोलीत केळी पिकवायला इथिलीन सोडतात. तीन आठवडे तो वायू आणि केळ्यांचा वास त्या चकतीतून झिरपत आत गेला असणार. हाताने हवेत रेणूसुद्धा काढून दाखवला. दोष माझाच, मी कबूल करतो, असंही म्हणालो. त्या कबुलीत मोठेपणाची एक झाक होती, ती मला तेव्हाही जाणवली होती.

नानांनी ग्लास मागून घेतला. प्यायले नाहीत, नुसता हुंगला. म्हणाले, "हा आपल्या खोलीचा वास नही, सर. खोलीत केय हिरवट राह्यते. वास सुटाच्या आधीच माल गाडीत चढते. हे तं घरात ठेयेल, पुरं पिकेल केय आहे."

साठ वर्षं केळीत घालवलेल्या माणसाला मी म्हणालो, "नाना, रेणूंना ते कळत नाही." हे वाक्य मला आता रात्रंदिवस ऐकू येतं. केळीवाला काही बोलायला जात होता, पण गेल्या तीन वर्षांत त्याचं मत वहीत घ्यायची पद्धत नव्हती.

डॉक्टर उठला. बाटली उचलून शेडबाहेर गेला आणि उरलेली बिअर जवळच्या केळीच्या बुडाशी ओतली. सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत. परत आला, पिशवी उचलली. "बठ्ठं वाया गयं," एवढंच म्हणाला आणि चार वाजता आलेला माणूस साडेचारला एसटी पकडायला निघून गेला. सोमवारी सकाळी त्याने आमचा ग्रुप सोडला. माझे फोन तो उचलेना. मी चार वेळा मेसेज लिहिला आणि चारही वेळा तो इतका मुद्देसूद झाला की मीच पुसून टाकला.

मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. त्याच्या पोरीची पाच वर्षांची मेहनत मी केळ्यांच्या खोलीत कोंडून नासवली, या विचाराने जेवण जात नव्हतं. बायको म्हणाली, "एवढं तर माझे वडील गेले तेव्हाही तुमचं तोंड उतरलं नव्हतं." ते मी ऐकून घेतलं.

वीसेक दिवसांनी मला परदेशातला नंबर दिसला. तीच होती. 'सर' म्हणाली आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"सर, बाबा म्हणतात बाटली अजून फोडलीच नाही. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. खरं सांगा, त्यांना फोडायचीच नाहीये ना?" तिचा आवाज सरळ होता, पण सांभाळून धरलेला. "आवडली नाही म्हणाले असते तर चाललं असतं मला. पण फोडावीशीसुद्धा वाटू नये?"

म्हणजे डॉक्टर तिच्यापासून माझी चूक लपवत होता. मित्राला वाचवायला आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून, आणि त्यातून लेकीला वाटत होतं ते नासक्या बाटलीपेक्षा वाईट होतं. मी धीर केला. म्हणालो, बेटा, फोडली होती. पण माझ्या हातून घोटाळा झाला. मी ती केळ्यांच्या खोलीत ठेवली आणि तिला केळ्याचा वास लागला. वडिलांना ती ओतून द्यावी लागली.

तिने पहिला प्रश्न विचारला तो वासाबद्दल.

"किती वास होता, सर?"

"खूप. ग्लास नाकाशी नेल्याबरोबर आला."

"सर," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, हसू की रडू ते कळेना, "तो तिचाच वास आहे. गव्हाची बिअर आहे ती. यीस्टला नीट जपलं तर ते स्वतः केळ्याचा वास तयार करतं. दोन वर्षं मी तेवढ्यासाठी धडपडतेय. आयसोअमाइल ॲसिटेट, सर! तुम्हीच तर शिकवलं होतं. परीक्षानळीत तुम्ही दोन थेंब टाकून गरम केलं होतं आणि सगळ्या वर्गात केळ्याचा वास सुटला होता."

मी खुर्चीवर बसलो. बावीस वर्षं दर डिसेंबरात मी तो प्रयोग करतो. मुलं ओरडतात, मी जादूगारासारखा मान लववतो. फळ्यावर सूत्र लिहितो, खाली दोन रेघा मारतो, परीक्षेत हमखास येणार म्हणून सांगतो. आणि तोच रेणू समोर ग्लासात आला तेव्हा मी बुचातल्या चकतीवर व्याख्यान दिलं. गहू म्हणजे पोळीचा, गव्हाची बिअर म्हणजे नवशिक्यांची, असा आमचा तोरा होता, म्हणून तिच्याबद्दल आम्ही कुणी ओळभरही वाचलं नव्हतं. मला पाइन कळत होता. केळं कळलं नाही. जळगाव जिल्ह्यात.

"बाबांना तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी समजूत काढतेय. आणि केळ्यामागे मी आणखी एक वास ठेवलाय, तो मात्र त्यांचा त्यांनाच आठवू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळे गाठलं. पारोळ्यापर्यंत मी काय बोलायचं याची उजळणी करत होतो, पारोळ्यानंतर ती परत पहिल्यापासून सुरू केली. दवाखान्यात टेबलावरच्या नवीन बाईंनी मला पेशंट समजून विचारलं, कुठली दाढ? मी म्हटलं, अक्कलदाढ. त्यांनी तसं कागदावर लिहिलं.

आत गेलो. डॉक्टरने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीकडे बोट केलं. मी आडवा झालो. त्याने माझ्या गळ्यात निळा कागद अडकवला, दिवा तोंडावर ओढला आणि आरसा आत घातला. मला वाटतं माझं तोंड बंद ठेवायचा तेवढा एकच उपाय त्याच्याकडे होता. पण मी आरशासकट बोलायला सुरुवात केली. 'केळं' आणि 'यीस्ट' आरसा तोंडात असताना नीट येत नाहीत. तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी त्याने आरसा काढून घेतला.

मग मी सगळं सांगितलं. खोलीचा काही संबंध नव्हता. नाना बरोबर होते. मी मूर्ख आहे. बाटली बाटली नव्हती, ती तशीच व्हायला हवी होती, तुझ्या पोरीने दोन वर्षं खपून तशी केली होती, आणि ती तुझ्या फोनची वाट बघतेय.

तो स्टुलावर बसून राहिला. रागावेल म्हणून मी डोळे बारीक केले होते. तो म्हणाला, "मी ओतून दिली."

"माझ्यामुळे."

"मी दिली. माझ्या हाताने." त्याने ग्लोव्ह काढले, टाकले, आणि तिथल्या तिथे फोन लावला, समोर स्टीलच्या तबकात ठेवून, आवाज मोठा करून. तिकडे सकाळ नुकतीच उजाडली असावी.

"फोडी व माय," तो म्हणाला. "तवयच फोडी. केयाना वास उना. माले समजनंच नही. मीच वती दिधी."

मला वाटलं आता ती रडेल. तिने विचारलं, "कसं केय, बाबा? कच्चं का पिकेल?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी उठून बसलो आणि तोंड उघडलं. गळ्यातल्या निळ्या कागदासकट मी त्याला शब्द पुरवायला तयार होतो, माझ्याकडे दोनशे पानं भरून होते. त्याने हात वर करून मला गप्प केलं. पहिल्यांदाच मी त्याला खरोखर आठवताना बघितलं.

"पिकेल," तो म्हणाला. "शिकरणमा टाकतस ना, तसं. साय टाकेल शिकरण."

"अजून काय होतं?"

मग त्याने आपली बोटं नाकाशी नेली, आणि तशीच धरून ठेवली. दातांच्या डॉक्टरच्या बोटांतून दाढेवर लावायच्या तेलाचा वास कधी जात नाही, ग्लोव्ह घातले तरी. माझ्या ओठांवरही तो अजून होता.

"लवंग," तो म्हणाला. "लवंगना वास बी व्हता. पन माले वाटनं तो मन्हा हातना शे."

फोनमधून हळू आवाज आला, "तो तुमनाच हातना शे, बाबा."

मी खुर्चीवरून उतरलो, गळ्यातला कागद काढला आणि दार ओढून घेऊन बाहेर जाऊन बसलो. बाहेरच्या बाईंनी विचारलं, काढली का? मी म्हटलं, थोडा वेळ लागेल.